सतरावं भोक

मित्रांनो, पुण्यातल्या चौथीच्या नऊशे मुलांना विज्ञानाचा विचार करता येतो की नाही, हे एके काळी मी ठरवत असे. मी एक साडीच्या खोक्याचा जुना पुठ्ठा आहे.

साल एकोणीसशे नव्याण्णव. नारायण पेठेतल्या एका संस्थेने चौथीसाठी विज्ञानाची 'विचारकौशल्य चाचणी' काढली; तिच्यात निवडलेल्या मुलांना प्रयोगशाळेच्या खास वर्गात प्रवेश. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार चौकोन. बरोबर उत्तराचा चौकोन काळा करायचा. तपासायला संगणक घेतला होता, पण धूळ बसेल म्हणून तो झाकून ठेवला होता. मग शिपाई दीनानाथ यांनी माझ्या अंगाला चाळीस भोकं पाडली. मला उत्तरपत्रिकेवर ठेवायचं; भोकातून काळं दिसलं की एक गुण. सहाशे पत्रिका अशा भराभर झाल्या. माझं फार कौतुक झालं.

मग खडकीच्या दीक्षाची पत्रिका आली. सतरावा प्रश्न होता, 'बर्फ गोधडीत गुंडाळला तर?' माझं भोक 'लवकर वितळेल'वर. तिथे कोरं दिसलं. मला उचललं, तर शेजारचा चौकोन काळा आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं: 'उशिरा. बाबा बर्फ पोत्यात बांधून आणतात.'

मी चुकलो असेन तर रद्दीत जाणार. आणि ते कुणाला कळलंच नाही, तर ही पोर प्रयोगशाळेच्या वर्गाला मुकणार!

"सर, ही एका गुणाने राहतेय," तपासणाऱ्या आनंदीबाई म्हणाल्या. "आणि बरोबर तीच आहे."

"बाई, गोधडीत आपल्याला उकडतं की नाही?" प्रश्न काढणारे दिगंबर सर म्हणाले.

"आपल्याला उकडतं. बर्फाला काय होतं?"

"भोक कुठे आहे?"

"'लवकर'वर."

"मग विषय संपला. चहा सांगा."

बाईंनी दीनानाथांना चहाबरोबर बर्फाचे दोन खडेही आणायला सांगितले. एक बशीत ठेवला. दुसरा सरांच्या मफलरमध्ये गुंडाळला.

"अहो, मफलर माझा आहे!"

"म्हणूनच. गरम आहे ना?"

अर्धा तास मी टेबलावर गारठून पडलो होतो. बशीत नुसतं पाणी उरलं. बाईंनी मफलर उलगडला. आत लिमलेटच्या गोळीएवढा खडा शिल्लक होता.

सरांनी मला उचललं. आता फाडणार, असं मला वाटलं.

"मफलर ओला केलात," ते म्हणाले. आमच्या पेठेत चूक यापेक्षा स्पष्ट शब्दांत कबूल करत नाहीत.

सतरावं भोक बुजवून शेजारी नवं पाडलं. झालेल्या सहाशे पत्रिका पुन्हा तपासल्या, उरलेल्याही नव्या भोकाने तपासल्या. दीक्षाचं नाव यादीत आलं.

पण मित्रांनो, माझी भीती गेली नाही. उरलेल्या एकोणचाळीस भोकांसाठी कुणी बर्फ आणला नव्हता. ती कुणाकुणाला नडली असतील, कोण जाणे. म्हणून सांगतो, मुलाने काय लिहिलंय ते भोकाबाहेरही वाचत जा.

आणि हो. सध्या मी टेबलाच्या आखूड पायाखाली असतो. कोपर जरा हळू टेका.