शंभर शेअरची मालकीण

चारुलताबाई कधीच रागावत नसत. त्यांचा आवाज मुळातच मऊ, आणि मनाविरुद्ध काही घडलं की तो आणखी मऊ होई. चाळीस वर्षांच्या संसारात श्रीधररावांनी या मऊपणाची एवढी धास्ती घेतली होती, की फ्रँकफर्टच्या बँकेत कुणी साहेब ओरडला तर त्यांना उलट हायसं वाटायचं.

निवृत्त झाल्यापासून श्रीधररावांना एकच छंद होता, कुठे काय कमी पैशात मिळतं ते शोधायचा. एका सकाळी त्यांनी चहाच्या कपाशेजारी लॅपटॉप आणून ठेवला.

"चारू, हे बघ. ब्लाउमोवे कंपनीचं जहाज. कीलहून नॉर्वे, सात रात्री, बाल्कनीची केबिन. आपल्या लग्नाला चाळीस वर्षं झाली ना? बुक केलंय!"

"कधी जायचंय?"

"ऑगस्टच्या शेवटी. तोवर बऱ्याच ठिकाणच्या शाळा उघडतात, म्हणून केबिन निम्म्या भावात. आणि जहाजावर अकरा उपाहारगृहं. सगळं खाणं तिकिटातच!"

"ऑगस्ट म्हणजे चातुर्मास, अहो," चारुलताबाई म्हणाल्या. आवाज लोण्यासारखा.

श्रीधररावांच्या हातातला कप थबकला. बावीस वर्षं चारुलताबाई चातुर्मासात परान्न घेत नव्हत्या. दुसऱ्याच्या चुलीवरचं अन्न चार महिने तोंडात घालायचं नाही. बालवाडीत नोकरीला होत्या तेव्हा सहकाऱ्यांच्या वाढदिवसाचा केक त्या कागदी रुमालात बांधून घरी आणत आणि तो श्रीधरराव खात. त्यांच्या पोटाचा घेर हा निम्मा त्या नेमाचाच प्रसाद होता.

"पण आपण पैसे भरलेत की. मग ते परान्न कसं?"

"पैसे भरले म्हणून चूल आपली होते का? तुम्ही जा. मी घरी थांबते. खरंच जा, माझं काही नाही."

हे 'माझं काही नाही' फार वाईट. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला नवरा नॉर्वेत आणि बायको फ्रँकफर्टात वरणभात लावतेय, हे मराठी मंडळात कळलं असतं तर श्रीधररावांना गणपतीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. डबे न्यावेत, तर जहाजावर स्वयंपाक करायला मनाई. विजेची शेगडी सापडली तर कीललाच काढून घेतात. बंद पाकिटातला कोरडा खाऊ तेवढा चालतो.

तिकीट रद्द करावं तर पैसे बुडतात, म्हणून विषय तसाच लोंबकळत राहिला. पण मधल्या काळात श्रीधररावांनी त्या तिकिटावरही एक सवलत शोधून काढली होती. ज्या प्रवाशाकडे कंपनीचे शंभर शेअर असतील, त्याला जहाजावर खर्चायला शंभर युरो! रोख मिळत नाहीत, जुगाराला चालत नाहीत, सफर संपेपर्यंत वापरले नाहीत तर गेले. पण फुकट ते फुकट. त्यांच्या स्वतःच्या खात्याची करसवलत संपली होती, म्हणून शेअर त्यांनी चारुलताबाईंच्या नावाच्या डेपोत घेतले. बँकेत शेअर ठेवायचं हे खातं बाईंच्या नावावर होतं एवढंच, चालवायचे श्रीधरराव. बाईंच्या मोबाइलवर बँकेच्या ॲपमध्ये गुप्त आकडा यायचा, तो त्या कणीक मळता मळता वाचून दाखवायच्या आणि कशाचा ते कधी विचारायच्या नाहीत.

डेपोचा उतारा कंपनीला गेला आणि आषाढी एकादशीनंतर आठवड्याभरात बाईंच्या नावाने जाडजूड पाकीट आलं. आत निळ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'प्रिय सहमालकीणबाई, आपल्याच जहाजावर आपलं स्वागत असो!' खाली शंभर युरो जमा केल्याची नोंद.

चारुलताबाईंनी ते जर्मन पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी कार्ल्सरूहेला गुरुदत्तला फोन लावला.

गुरुदत्त तिथल्या विद्यापीठात बॅटऱ्यांवर डॉक्टरेट करत होता. पण घराणं भिक्षुकाचं असल्याने शनिवार-रविवारी फ्रँकफर्टपासून म्युनिकपर्यंत सत्यनारायण आणि वास्तुशांत त्याच्याकडेच असायची.

"गुरुजी, एक विचारू? जहाज माझं असेल तर तिथलं अन्न परान्न होतं का?"

"काकू, जहाज... घेतलंत?"

"शंभर शेअर."

"कुणाच्या नावावर?"

"माझ्याच."

"आल्झो... म्हणजे असं बघा," गुरुदत्त म्हणाला आणि त्याच्यातला शास्त्री जागा झाला. "स्वामित्व कितीही अल्प असो, स्वामित्वच. एकत्र कुटुंबात सून नाही का सामाईक चुलीवरचं खात? तिचा वाटा कुणी मोजतं का? चूल तुमचीही आहे. खुशाल जेवा. फक्त मालकी असेतोवर हं."

"असेतोवर," बाई म्हणाल्या आणि त्याच दुपारी राजगिऱ्याचे लाडू, चिवडा आणि मेतकूट पाकिटांत बंद करायला बसल्या. प्रवासात आपलं काहीतरी जवळ असावं म्हणून.

ऑगस्टअखेरच्या बुधवारी संध्याकाळी कीलला त्या जहाजावर चढल्या त्या प्रवाशासारख्या नाहीच. बऱ्याच दिवसांनी गावच्या घरी आलेली थोरली जाऊ जशी कोपरे बघत फिरते, तशा त्या सातही मजले फिरल्या. वाचनालयात कुणी नसताना दिवे चालू होते, ते मालवले. जिन्याच्या पितळी कठड्यावरून बोट फिरवून बघितलं. एका धिप्पाड जर्मन गृहस्थाने ताटात चार प्रकारचे मासे घेऊन तीन टाकले, तेव्हा त्या त्याच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "थोडं थोडं घ्या हं. पुन्हा वाढून घेता येतं." तो बिचारा कावराबावरा होऊन उरलेले मासे खाऊन गेला.

"अगं, काय करतेस!" श्रीधरराव कुजबुजले.

"आपल्याच घरातलं वाया जातंय, अहो. तुम्हाला बघवतं?"

स्वयंपाकघरात मिलन नावाचा गोव्याचा आचारी निघाला, चाळिशीचा, गोलमटोल. बाईंनी मराठीत हाक मारल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काकी, कांदा-लसूण नको ना? तुमचं वेगळं करतो," म्हणाला आणि गुरुवारी दुपारी त्याने कुठूनसा भोपळा पैदा करून भरीत केलं. बावीस वर्षांत चातुर्मासात पहिल्यांदाच चारुलताबाईंना कुणी खास त्यांच्यासाठी रांधून वाढत होतं. समोर फ्योर्डचं, डोंगरांमधल्या खाडीचं, हिरवंगार पाणी, पानात भरीत. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. श्रीधररावांना वाटलं, शंभर युरो नसते मिळाले तरी चाललं असतं. मग वाटलं, नाही, मिळाले तेच बरं.

शनिवारी सकाळी घात झाला.

नाश्त्याला शेजारच्या टेबलावर ब्रेमेनचे एक निवृत्त शिक्षक होते. श्रीधररावांची त्यांच्याशी शंभर युरोवरून गट्टी जमली होती. शिक्षकांनी जर्मनमध्ये विचारलं, "मग शेअर ठेवणार आहात का?"

"छे!" श्रीधररावांनी छाती फुगवली. "कंपनीचं पत्र आलं, पैसे जमा झाले, की दोन आठवड्यांत विकून टाकले. एकशेवीस युरो वर सुटले. जहाजाच्या धंद्याचा काय भरवसा?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" शिक्षक खूश झाले.

चारुलताबाईंच्या चमच्यात मिलनने केलेला शिरा होता. तो चमचा अर्ध्या वाटेवर थांबला आणि तसाच खाली गेला.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज इतका मऊ की श्रीधररावांच्या मानेवर काटा आला. "कधी विकलेत?"

"अं? ते... श्रावणातला पहिला सोमवार असेल. तूच तर आकडा वाचून दाखवलास."

बाईंना तो सोमवार आठवला. महादेवाला बेल नव्हता, म्हणून त्या कुंडीतली पांढरी फुलं निवडत होत्या. आकडाही आठवला. आपल्या तोंडाने आपण आपलं जहाज विकलं होतं.

त्या उठल्या. केबिनमध्ये गेल्या. बॅगेतून राजगिऱ्याच्या लाडवाचं पाकीट काढलं आणि बाल्कनीत जाऊन बसल्या. श्रीधरराव मागोमाग आले, तेव्हा त्या बोटांवर मोजत होत्या.

"बुधवारची रात्र एक. गुरुवारची तीन, शुक्रवारची तीन. आणि आज अर्धं. साडेसात जेवणं झाली, अहो. परक्याच्या घरी."

साडेसात! आकडाही नेमका शनीचाच निघावा!

"चुकलं, चारू. मला कुठे माहीत होतं, तू त्या शेअरवर जेवतेयस?"

"गुरुजींशी बोलले तेव्हा तुम्ही शेजारीच होतात."

"मी पेपर वाचत होतो."

"वाचा मग." त्यांनी लाडू मोडला. "माझं काही नाही. तुम्ही जेवून घ्या. अकरा उपाहारगृहं आहेत."

आता जेवायला जाईल तो नवरा कसला! श्रीधररावांनी निमूटपणे चिवड्याचं पाकीट फोडलं. दुपारी बुफेत भट्टीतले पिझ्झे निघत होते, रात्री इटालियन आचारी चीजचा डोंगर कापत होता, आणि हे दोघं बाल्कनीत चिवडा खात होते. संध्याकाळी मिलन दारात येऊन उभा राहिला.

"काकी, काय झालं? शिऱ्यात साखर जास्त पडली का?"

"नाही रे बाबा, तुझा शिरा फार चांगला होता. घरात जरा वाटणीचा प्रश्न आहे."

मिलनला तो प्रश्न गोव्यात चांगलाच ओळखीचा असावा. त्याने श्रीधररावांकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि निघून गेला.

श्रीधररावांना रात्रभर चिवड्याची स्वप्नं पडली. रविवारी सकाळी त्यांनी ठरवलं, शेअर परत घ्यायचे. पण रविवारी शेअरबाजार बंद. सोमवारी आठला उघडणार. शिवाय समुद्रात मोबाइलला रेंज नाही. जहाजाचं इंटरनेट घ्यायचं तर पूर्ण सफरीचंच घ्यावं लागतं, त्याचे अठ्ठ्याण्णव युरो. स्वागतकक्षातली मुलगी गोड हसून म्हणाली, "तुमच्या खात्यात भागधारकांचे शंभर युरो आहेत, त्यातून वळते करू?"

त्या शंभरात कॅप्टनबरोबर लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा फोटो काढायचा बेत होता. श्रीधररावांनी नाइलाजाने होकारार्थी मान हलवली.

इंटरनेट आल्याबरोबर बाईंनी आधी गुरुदत्तला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काकू, तुमच्याकडून नकळत झालं, तुम्हाला दोष नाही. विकलं कुणी?"

"यांनी."

"मग दोष विकणाऱ्याला. उरलेला चातुर्मास काकांनीही परान्न सोडावं. फिटलं."

"अरे, पण गणपतीत मंडळाचं जेवण असतं!" श्रीधरराव मागून ओरडले. "तिथं उकडीचे मोदक—"

"काकांना म्हणावं, घरचे खा," गुरुदत्त म्हणाला आणि बॅटऱ्यांकडे परतला.

सोमवारी आठला पाच मिनिटं कमी असताना दोघं पलंगाच्या कडेला बसले. श्रीधररावांच्या मांडीवर लॅपटॉप, बाईंच्या हातात मोबाइल. बाजार उघडला आणि श्रीधररावांच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला. ज्या भावाला विकले होते, त्याहून अडीच युरो वर.

"अडीचशे युरो जास्त जातायत, चारू. विकताना एकशेवीस सुटले होते, ते गेलेच. दुपारपर्यंत थांबू या का? कदाचित उतरेल."

चारुलताबाईंनी उरलेला एक लाडू त्यांच्यासमोर धरला.

"घेतो, घेतो," श्रीधरराव म्हणाले.

मोबाइल वाजला. सहा आकडे आले. श्रीधररावांनी सवयीने हात कीबोर्डवर ठेवला, "हं, सांग."

"सरका जरा," बाई म्हणाल्या. लॅपटॉप स्वतःकडे ओढून त्यांनी एकेक आकडा चष्म्यातून बघत दाबला. मग तिथेच पासवर्ड बदलायची जागा शोधली आणि पाठ फिरवून काहीतरी टंकलं.

"काय ठेवलास?"

"काही नेम सांगायचे नसतात, अहो."

साडेआठला त्या बुफेच्या दारात उभ्या होत्या. मिलनने दुरूनच पाहिलं आणि शिऱ्याची कढई पुढे आणली. श्रीधरराव मात्र दारातच अडखळले. दोन दिवसांच्या चिवड्याने त्यांचा चेहरा उतरला होता.

"चारू, शेअर तुझ्या नावावर. मला आता परान्न बंद. म्हणजे मी इथे..."

चारुलताबाईंनी वळून पाहिलं. मग नवऱ्याच्या हाताला धरून खिडकीशेजारच्या खुर्चीत बसवलं, समोर पान मांडलं आणि शिऱ्याचा पहिला डाव स्वतःच्या हाताने वाढला.

"माझ्या घरी तुम्हाला परान्न कसलं? बसा निवांत, पोटभर जेवा," त्या म्हणाल्या. आवाज मऊच होता, पण या वेळी धास्ती घ्यायचं कारण नव्हतं. "फक्त पानात टाकायचं नाही."