निळ्या पिकअपमधली किटली

मित्रांनो, आमच्या मुलखात मला कुणी माझ्या नावानं हाक मारत नाही. मला किटली म्हणतात. तुम्ही मला पाहिलंत तर हसाल, कारण माझ्यात पाणी नाही, वाफ नाही आणि मला तोटीही नाही. मी आहे एक जुना हॅम रेडिओ. वहीएवढा, काळा, आवाजाचं बटण जरासं सैल झालेला. नेब्रास्कामधल्या एका निळ्या पिकअपमध्ये, जिथे एके काळी सिगारेटची राख झाडायचा खण होता, तिथे मी बसलो आहे.

गाणी लावणारा रेडिओ वेगळा आणि मी वेगळा. मी ऐकतोही आणि बोलतोही. माझ्यावर बोलायचं तर सरकारी परीक्षा द्यावी लागते, मग अक्षरं आणि आकडा मिळून एक नाव पदरात पडतं. त्या नावानं माणसं एकमेकांना हवेतून हाका मारतात आणि निरोप घेताना ‘त्र्याहत्तर’ म्हणतात. त्र्याहत्तर म्हणजे मनापासून शुभेच्छा. तारेनं निरोप धाडायच्या काळापासून चालत आलेली ही खूण आहे. का त्र्याहत्तर आणि का बाहत्तर नाही, ते मला विचारू नका. आमच्यात कुणी विचारत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझे बारीक सांधे जोडले. जहाजातून मी अमेरिकेत आलो, एका डॉक्टरच्या टेबलावर काही वर्षं शोभेला राहिलो आणि मग जत्रेच्या मैदानावर जुन्या यंत्रांचा बाजार भरतो तिथे येऊन पडलो. तिथे मला वर्लिन होल्कानं पाहिलं. गवत कापायचं आपलं यंत्र देऊन त्यानं मला घेतलं आणि कोटात गुंडाळून घरी आणलं.

“आता अंगणातलं गवत कोण कापणार?” त्याच्या बायकोनं, मार्वानं विचारलं.

“गवत काय, वाढतंच,” वर्लिन म्हणाला.

वर्लिन पवनचक्क्या दुरुस्त करायचा. आमच्याकडे मैलोन्‌मैल वाळूच्या टेकड्या, त्यांवर गवत, गवतात गुरं आणि गुरांसाठी पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या. तो एकटाच हत्यारं घेऊन दूरच्या कुरणांत जायचा आणि तिकडे फोन चालायचा नाही. म्हणून त्याला पिकअपमध्ये मी हवा होतो. पण पिकअप त्याची नव्हती. ती मार्वाची होती. तिच्या वडलांनी मरताना ती तिला दिली होती आणि जिवंत असेपर्यंत दर रविवारी चर्चहून आल्यावर ते ती स्वतः धूत असत.

“बसव काय बसवायचंय ते,” मार्वा म्हणाली. “पण माझ्या बाबांच्या गाडीला एकही भोक पाडायचं नाही.”

“एकही नाही?”

“सुईएवढंही नाही, वर्लिन.”

मित्रांनो, रेडिओ बसवणाऱ्याला भोक पाडू नको म्हणणं म्हणजे शिंप्याला सुई घेऊ नको म्हणण्यासारखं आहे. पण वर्लिननं मान डोलावली. त्यानं राखेचा खण काढला आणि त्याच्याच स्क्रूंवर मला बसवलं. छपरावर चुंबकाच्या बुडाची अँटेनाची काठी उभी केली. रंगाला चरा पडू नये म्हणून मार्वानं त्या बुडाखाली जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचा गोल तुकडा घातला. काठीची तार दाराच्या फटीतून आत आली. इथवर सगळं झकास झालं.

राहिली वीज. खरं तर माझी तार थेट गाडीच्या बॅटरीवरून यायला हवी होती. पण मधे पत्र्याची भिंत होती आणि भिंतीला भोक पाडायची बंदी होती. वर्लिन पाय दाराबाहेर काढून गाडीत उताणा पडला होता आणि मार्वा विजेरी धरून उभी होती.

“सिगारेट पेटवायचा सॉकेट आहे ना,” तो खालून म्हणाला. “त्याच्याच तारेतून घेतो वीज.”

“चालतं का तसं?”

“चालेल.”

‘चालेल’ म्हणणाऱ्या माणसांनी जगात बरंच काही चालवलं आहे. मीही चाललो. पण त्या तारेतून विजेबरोबर इंजिनाची कुरकूरही माझ्यात शिरली. इंजिन चालू असताना वर्लिन बोलला, की त्याच्या आवाजामागे एक बारीक शिट्टी वाजायची. गाडी वेगात असली की शिट्टी चढायची आणि हळू झाली की उतरायची. गाडी बंद केली की शिट्टी गप्प.

आमच्याकडे रोज सकाळी हजेरी असते. गावच्या पाण्याच्या टाकीवर एक यंत्र बसवलेलं आहे. ते आमचे आवाज झेलतं आणि लांबवर फेकतं. त्या यंत्राच्या भरवशावर आर्डिस टेगेलर नावाची म्हातारी एकेकाला हाक मारायची. पूर्वी ती गावचं टपाल सांभाळायची, त्यामुळे कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारायचा हक्क आपल्याला आहेच असं ती धरून चालायची. ज्यानं ओ दिली तो बरा आहे आणि ज्यानं दिली नाही त्याच्या घरी कुणीतरी चक्कर मारायची, असा रिवाज होता.

पहिल्याच सकाळी वर्लिननं गाडीतून ओ दिली, तेव्हा आर्डिस बोलायची थांबली.

“वर्लिन, तू पिकअपमध्ये किटली ठेवलीयस का रे?”

“नाही. का?”

“उकळतेय. उतरव.”

झालं. आमच्याकडच्या किटल्या पाणी उकळलं की शिट्टी मारतात, तेव्हा त्या दिवसापासून आम्ही दोघंही किटली झालो. कुरणवाला एमिल झेलेनी तर रोज विचारायचा, “किटली, एक कप मिळेल का?” वर्लिन म्हणायचा की एकदा सवड काढून तार नीट करीन. पण दुसऱ्यांच्या पवनचक्क्या दुरुस्त करणाऱ्याला स्वतःच्या वस्तूसाठी सवड कधी मिळते?

मार्वाला रेडिओचं कौतुक नव्हतं. वर्लिनचा एक थोरला रेडिओ घरी स्वयंपाकघराच्या फडताळावर असायचा. मार्वा बटाटे सोलताना तो चालू असायचा आणि आपलं लक्ष नाही असं ती दाखवायची. बटण दाबून ती कधी एक शब्द बोलली नव्हती. “मला बोलायचं असलं तर मी समोरच्याच्या तोंडावर बोलते,” असं ती सांगायची. ते खरंही होतं.

मग एका हिवाळ्यात ते वादळ आलं.

एमिलच्या उत्तरेच्या कुरणातली चक्की अडकली होती. वर्लिन दुपारी तिकडे गेला, चक्की सोडवली आणि परत निघाला. तोवर आभाळ आणि जमीन एक झाली होती. समोरचा रस्ता दिसेना. गाडी घसरली आणि मागच्या बाजूनं बर्फाच्या ढिगाऱ्यात रुतून बसली. धूर सोडणारा मागचा पाइप बर्फाखाली गेला. वर्लिनला ठाऊक होतं की आता इंजिन चालू ठेवलं तर तो विषारी धूर आत साचेल आणि माणूस झोपेतच जाईल. त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हीटर बंद पडला. मी मात्र बॅटरीवर जागा होतो.

वादळात आर्डिस हजेरी पुन्हा घेते. तिनं वर्लिनला हाक मारली.

“मी बरा आहे,” वर्लिन म्हणाला. “एमिलच्या उत्तरेच्या फाटकाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतलीय. इंजिन चालू आहे, हीटर चालू आहे, पाय शेकत बसलोय. वादळ ओसरलं की निघतो. कुणी येऊ नका.”

“मी ट्रॅक्टर काढू का?” एमिलनं विचारलं.

“वेडा आहेस का? पोरं लहान आहेत तुझी. घरी बस.”

मित्रांनो, हीटर कधीचाच थंड पडला होता. त्याच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर गोठत होती. पण मी रेडिओ. माझ्यात जे बोलतात तेच मी बोलतो. स्वतःचा एक शब्द जोडायची मला मुभा नाही. असली असती तर त्या दिवशी मी जोडला असता.

“बरं,” आर्डिस म्हणाली आणि पुढचं नाव घेणार, एवढ्यात माझ्यातून एक आवाज आला. तो आवाज माझ्यातून कधीच आला नव्हता.

“वर्लिन.”

वर्लिन ताठ बसला. “मार्वा? तुझ्याकडे परवाना नाही.”

“मग कर तक्रार. किटली कुठे आहे?”

वर्लिननं बंद इंजिनाच्या किल्लीकडे पाहिलं.

“मी विचारतेय, किटली कुठे आहे? इंजिन चालू आहे म्हणतोस आणि तुझ्या मागे शिट्टी वाजत नाहीये. तू बंद गाडीत कुडकुडत बसलायस आणि मला शेकोटीच्या गोष्टी सांगतोयस.”

“मार्वा, या लहरींवर परवान्याशिवाय...”

“जिवावर बेतलं की परवाना लागत नाही,” आर्डिस मधे म्हणाली. “नियम मला पाठ आहेत. बोल गं, मार्वा.”

वर्लिननं डोळे मिटले. “पाइप बर्फात गेलाय,” तो हळूच म्हणाला. “म्हणून बंद केलं.”

“मग आधी तोंडात काय धरलं होतंस?”

“एमिल निघाला असता.”

“एमिल निघालाय,” एमिल म्हणाला आणि त्याच्या मागे ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. “कुंपणाच्या कडेकडेनं येतो. झोपू नकोस फक्त.”

त्याला झोपू न देण्याचं काम मार्वानं घेतलं. तिनं गोड बोलून पाहिलं असतं तर तो पेंगला असता, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून ती भांडली. अख्ख्या संसारात राहून गेलेली भांडणं तिनं एकेक करून बाहेर काढली.

“मागच्या जाळीच्या दाराचं काय? कितवा उन्हाळा हा? माश्या घरात राहायला आल्यात.”

“करतो म्हटलं ना.”

“माझ्या बहिणीच्या लग्नात तू चिखलाचे बूट घालून आलास.”

“बाहेर... बाहेर पाऊस होता.”

“वर्लिन, मोठ्यानं बोल. पाऊस चर्चच्या आत नव्हता.”

त्याची उत्तरं तुटक होत गेली. माझा दिवा मंद होत चालला, कारण बॅटरीही गारठली होती. मित्रांनो, मी कुणाला काही देऊ शकत नाही, पण त्या दिवशी उरलीसुरली सगळी वीज मी तिच्या आवाजाला दिली. शेवटी काचेवर बर्फाळलेली मूठ आपटली आणि एमिलचा चेहरा दिसला. वर्लिननं माझा माइक ओठांशी धरला.

“मार्वा, एमिल आलाय. जाळी... या उन्हाळ्यात नक्की.”

पलीकडे तिनं नुसतं बटण दाबून धरलं होतं हे कळत होतं, कारण स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक येत होती.

पुढे कितीतरी दिवस वर्लिन कॅफेत शिरला की कुणी ना कुणी विचारायचं, “जाळी झाली का?” त्यानं ती केली. मार्वानं वसंतात परीक्षा देऊन आपला परवाना काढला. “नाहीतर हा माणूस परत खोटं बोलेल,” ती म्हणाली. आणि वर्लिन जेव्हा एकदा खरंच माझी तार नीट करायला बसला, तेव्हा ती अंगणातून ओरडली, “त्या तारेला हात लावलास तर बघ.”

माझी सगळ्यात सुखाची वर्षं ती. पहाटेचं धुकं, डॅशबोर्डवर कॉफीचा थर्मास, चक्कीच्या तेलाचा वास आणि घरून मार्वाची हाक, “किटली, जेवायला कधी?” शिट्टी चढली की तिला कळायचं तो निघाला. शिट्टी उतरली की बटाटे चुलीवर जायचे.

मग वर्लिन म्हातारा झाला आणि एका दुपारी खुर्चीत बसल्या जागी गेला. दुसऱ्या सकाळी आर्डिसनं हजेरीत त्याचं नाव घेतलं. आमच्यात तसा रिवाज आहे. गेलेल्याला एकदा शेवटची हाक मारतात आणि थांबतात. त्या थांबण्यात कुणी बोलत नाही. मी शेडमध्ये बंद होतो, ती हाक मी ऐकली नाही. मला ती पुढे कळली.

पिकअप शेडमध्ये उभी राहिली. माझ्यावर धूळ बसली. एका उंदरानं सीटमध्ये घर केलं. कुणी माझं बटण फिरवलं नाही. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्यापाशी नाही.

एक दिवस दार उघडलं. मार्वाच्या बहिणीचा मुलगा ट्रेंट आला होता. तो शहरात विजेची कामं करतो, हुशार आणि हौशी. मार्वाला पुन्हा गाडी काढायची होती, म्हणून त्यानं बॅटरी बदलली, उंदराला हाकललं, मला पुसलं. आणि मावशीला खूश करावं म्हणून त्यानं पत्र्याच्या भिंतीला एक गोल भोक पाडलं, रबर बसवलं आणि माझी तार थेट बॅटरीवर नेली. काम अगदी पुस्तकात असतं तसं.

सकाळी मार्वानं इंजिन सुरू केलं आणि हजेरीला ओ दिली. माझा आवाज काचेसारखा स्वच्छ होता.

“मार्वा, घरून बोलतेयस होय?” आर्डिसनं विचारलं.

“नाही. पिकअपमधून.”

“इंजिन बंद आहे का?”

“चालू आहे.”

“बरं,” आर्डिस म्हणाली. तिचं ते ‘बरं’ मी एकदा वादळातही ऐकलं होतं.

मार्वानं मान वाकवून माझ्या खाली पाहिलं. मग काच खाली केली. “ट्रेंट, किती भोकं पाडलीस?”

“एकच, मावशी. पाणी नाही येणार, रबर लावलंय.”

“हं.”

“शिट्टी येत होती गं तुझ्या रेडिओत. काढली मी.”

मार्वानं स्टिअरिंगवरचा हात काढून इंजिन बंद केलं. “काम चांगलं केलंस,” ती म्हणाली. “कुणीही नावं ठेवणार नाही. आता जसं होतं तसं बिघडवून दे.”

ट्रेंट बिचारा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. पण पाय दाराबाहेर काढून तो उताणा पडला आणि मार्वा विजेरी धरून उभी राहिली. तार परत सॉकेटच्या तारेला जोडली गेली. भिंतीतलं भोक मार्वानं व्हिनेगरच्या बाटलीच्या बुचानं बंद केलं आणि वर ठोसा मारला.

दुसऱ्या सकाळी तिनं बटण दाबलं. ती आपलं नाव सांगणार, त्याच्या आधीच आर्डिस म्हणाली, “थांबा रे सगळे. किटली आली.”

कुणी थट्टा केली नाही. मग एमिलचा आवाज आला. “किटली, एक कप मिळेल का?”

“ये की घरी,” मार्वा म्हणाली. “जाळीचं दार ओढून घे, माश्या येतात. त्र्याहत्तर.”

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी जुनं असेल. त्याची धूळ पुसा, त्याला ओलीत टाकू नका, उंदराला त्यात घर करू देऊ नका. आणि त्याला सुधारायला हत्यार उचललंत, तर आधी त्याच्या माणसाला विचारा. एखाद्या कुरकुरीनं कधीकाळी कुणाला घरी आणलेलं असतं. ती काढली तर वस्तू चांगली होईल, पण मग त्या माणसाला ती ओळखू कशी येईल?

बाहेर मार्वाच्या बुटांचा आवाज येतोय. ती किल्ली फिरवील, आणि मी शिट्टी घालीन.