शेवटच्या पायरीवरचं कासव

मी इशिमारू. कासव आहे, पण मला तळं लागत नाही की ऊन लागत नाही. चौकोनी बिस्किटाएवढ्या करड्या प्लास्टिकच्या डबीत माझं सगळं जग मावतं. डबी हातातल्या व्हिडिओ गेमच्या खेळयंत्रात खोचून बटण सरकवलं की मी जागा होतो. मी मुळातच हळू, त्यामुळे सांगणंही हळूहळूच होणार. तेवढं सांभाळून घ्या.

शिक्षण म्हणाल तर काही नाही. माझ्या नावापुढे माझ्या बळाचे आकडे लिहिलेले असतात, पण ते मला वाचता येत नाहीत. पडद्यावर वाकलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि ओळखायचं, आपलं बरं चाललंय की नाही.

मला पकडलं नागिएनं. सफरचंदाच्या बागांनी वेढलेल्या एका गावात तिच्या वडिलांचं सार्वजनिक न्हाणीघर होतं. बायकांच्या आणि पुरुषांच्या दाराच्या मधोमध एक उंच आसन असतं, तिथं बसून दोन्हीकडचे पैसे घ्यायचे. शाळा सुटली की नागिए तिथं बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की मांडीवर यंत्र घ्यायची. मी दगडासारखा बसून असायचो म्हणून तिनं माझं नाव इशिमारू ठेवलं; तिच्या भाषेत 'इशी' म्हणजे दगड. नाव ठेवणारं माणूस कुणीही विसरत नाही. मीही विसरलो नाही.

आमच्या जगात बळ वाढवायची एक रीत आहे. ज्याला हरवाल त्याचा गुण थोडासा तुमच्या अंगी उतरतो. खेकडा हरवला तर कवच घट्ट होतं, रानडुकराला हरवलं तर जोर येतो, वटवाघूळ पाडलं तर पाय हलके होतात. एका लढाईनं मुंगीएवढाच फरक पडतो, म्हणून लढाया पुष्कळ कराव्या लागतात. आणि लढायचं एकट्यानं. सोबत दुसऱ्याला नेलं की मिळालेलं अर्धं अर्धं वाटलं जातं.

दुकानात काढेही मिळतात. काढा घेतला की बरंच बळ एकदम येतं, पण तो कोऱ्या अंगालाच लागतो. लढून अंग थोडं भरलं, की मग कितीही पाजा, काही होत नाही. म्हणून आधी काढे, मग लढाया. राहता राहिल्या गोळ्या. एक गोळी खाल्ली की प्राणी न लढता एक पायरी वर चढतो. पायरी वाढते, पण अंग रिकामंच राहतं. जाणती मुलं गोळ्या जपून ठेवतात आणि सगळं झाल्यावर, वरच्या अवघड पायऱ्यांना वापरतात.

नागिए जाणती होती. तिनं मला काढे पाजले, गोळ्या साठवल्या, लढायांचा बेत आखला आणि शाळेच्या सहलीला तोक्योला गेली. यंत्र घरी राहिलं.

तिची धाकटी बहीण चिझुरू तेव्हा लहान होती. गावच्या उन्हाळी जत्रेत विजेच्या सामानाच्या दुकानासमोर मुलांच्या ह्या यंत्रांवरच्या लढती लागायच्या, त्यात ताई जिंकावी असं तिला फार वाटायचं. ताईला चकित करायचं म्हणून तिनं सगळ्या गोळ्या मला एका बैठकीत चारल्या. मी पायऱ्या चढत गेलो आणि शेवटच्या पायरीवर जाऊन थांबलो. त्यापुढे पायरी नाही. चिझुरूचा चेहरा असा फुलला होता, की मलाही वाटलं, काहीतरी चांगलंच झालं असणार.

नागिए परत आली. चिझुरूसाठी आणलेली छोटी घंटा तिच्या हातातच राहिली. पडद्याकडे बघून ती म्हणाली, "वाटोळं केलंस ह्याचं." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा सगळी मुलं असंच मानायची, की गोळ्या खाऊन टोकाला पोचलेला प्राणी कायमचा पोकळ. आकडे वाढायचे ते पायरी चढताना, आणि पायऱ्या तर संपल्या. तरी नागिए मला जत्रेत घेऊन गेली. टोफूवाल्याच्या मुलीच्या माकडानं मला पहिल्याच लढतीत उलटं पाडलं. पोरं हसली. त्या संध्याकाळी मी वडिलांच्या टेबलाच्या खणात गेलो.

खणातली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. डबीत बटणाएवढी एक बॅटरी असते, तिच्या उबेवर आमच्या आठवणी टिकतात. ती ऊब होती म्हणून मी होतो. बाहेर मुली मोठ्या झाल्या. नागिए दूर सेन्दाई शहरात परिचारिका झाली, चिझुरूनं न्हाणीघर चालवायला घेतलं, वडील गेले. बहिणींचं भांडण असं कधी झालंच नाही. नागिए वर्षातून एकदा, पितरांच्या दिवसांत यायची, वडिलांच्या थडग्यावर पाणी घालायची, जेवायची, जायची. बोलायची सगळं, पण शेजाऱ्याशी बोलावं तसं.

एका थंडीत वडिलांचा खण आवरताना मी चिझुरूच्या हाती लागलो. तिनं डबीवर फुंकर मारली, यंत्रात खोचली, आणि माझं नाव बघून कितीतरी वेळ उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी ती मला हिरोसाकीला एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. तो म्हणाला, की बॅटरी म्हातारी झालीय, आज जाईल नाहीतर वर्षानं, सांगता येत नाही. बदलायला काढली की आतलं सगळं पुसलं जाणार. तशीच दुसरी डबी मिळाली तर तारेनं जोडून कासव तिकडे हलवता येईल, पण तसल्या डब्या आता सहज मिळत नाहीत. मिळाली तर कळवतो, म्हणाला.

चिझुरूनं मनाशी ठरवलं, की ह्याला नीट करायचं आणि ताईच्या हातात द्यायचं. बॅटरी जायच्या आत.

मग आमचा उद्योग सुरू झाला. दुपारी बागेतल्या छाटलेल्या फांद्या भट्टीत घालून पाणी तापायला लावायचं, आणि न्हाणीघर उघडल्याची खूण म्हणून दारावर कापडी पडदा टांगेपर्यंत उंच आसनावर बसून मला गुहेत न्यायचं. माझा वेग सगळ्यात कमी, म्हणून वटवाघळं. एकामागून एक वटवाघळं. पडद्यावरचा आकडा हलत नव्हता. चिझुरू रोज बघायची आणि तिचं तोंड रोज तेच असायचं. आतून मला कळत होतं, बाई, साचतंय, थेंब थेंब साचतंय, फक्त दिसत नाही. पण मी हे सांगणार कसा? मला बोलता येतं ते पडद्यावरच्या चौकटीत, आणि तिथं मी फक्त "इशिमारू जिंकला" एवढंच म्हणतो.

सगळ्यात आधी येणारं गिऱ्हाईक म्हणजे तोकुझोकाका, बागवाले. पैसे ठेवता ठेवता ते विचारायचे, "काय म्हणतंय तुझं कासव? लग्नाबिग्नाचं बघायचं का त्याचं?"

"त्याचं जमेल काका. तुमच्या गुडघ्याचं बघा आधी."

"माझा गुडघा निदान पावसाआधी बोलतो. हे तुझं काहीच बोलत नाही. कशाला डोळे फोडून घेतेस?"

ती हसून टॉवेल पुढे करायची. काका आत गेले की हसू ओसरायचं आणि आम्ही परत गुहेत. थंडी सरली, सफरचंदाला फुलं येऊन गेली, वटवाघळांनंतर खेकडे झाले, डुकरं झाली. आकडा जिथल्या तिथं. मला वाटतं, तिलाही उमगलं होतं की हे काही व्हायचं नाही. पण क्षमा मागायची दुसरी रीत तिला येत नव्हती.

पितरांचे दिवस आले. नागिए येणार त्या सकाळी चिझुरूनं मला कोठीत ठेवलं. आमच्या जगात एक कोठी आहे, नको असलेले प्राणी तिथं ठेवतात. एवढे दिवस मी तिच्या सोबत फिरत होतो, कोठी कधी पाहिलीच नव्हती. तिनं हार मानली होती. यंत्र तसंच उंच आसनावर राहिलं.

दुपारी थडग्यावरून आल्यावर नागिएला ते दिसलं. सवयीनं बटण सरकवलं, मला शोधलं, कोठीतून बाहेर काढलं.

कोठीतून बाहेर पडताना आमची नव्यानं मोजदाद होते. हे चिझुरूला ठाऊक नव्हतं, नागिएलाही नव्हतं. साचलेलं सगळं एकदम अंगावर आलं. जोर, कवच, वेग, दम. मला एका जागी उभं राहवेना. मी नागिएच्या तोंडाकडे बघितलं. वाटलं होतं फुलेल. तर ते दगडासारखं झालं.

"चिझू, हे काय आहे? आकडे वाढवायचं नकली यंत्र लावलंस ना?"

चिझुरू बादल्या रचत होती. धावत आली, पडदा बघितला आणि खाली बसली.

"तेव्हाही असंच केलंस," नागिए म्हणाली. "वाट बघवत नाही तुला. काहीतरी सोपं शोधायचं आणि मोकळं व्हायचं."

मग चिझुरू बोलली, तुटक तुटक. थंडीपासून रोज दुपारी लढत्येय, आकडा हलतच नव्हता, सकाळी कंटाळून कोठीत ठेवला. नागिएचा विश्वास बसेना. तिनं मला परत कोठीत घातलं, परत काढलं. आकडे तेच. नकली आकडे नव्या मोजदादीत टिकत नाहीत, खरं बळ तसंच राहतं.

"कुठं लढवलंस?"

"गुहेत. वटवाघळांशी. मग किनाऱ्यावर खेकडे."

"वटवाघळंच का?"

"त्यांच्यात वेग असतो ना, ताई. तुझ्या कासवात वेगच नव्हता."

ही गोष्ट नकली यंत्र वापरणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही. ज्यानं बसून बसून एकेक लढाई केली त्यालाच ठाऊक असते. नागिएनं धाकटीचा हात धरून अंगठा उलटा केला. बटण दाबून दाबून तिथं घट्टा पडला होता. भट्टीच्या लाकडांनी अंगठ्याच्या त्या जागी घट्टा पडत नाही.

भट्टीत फांद्या तडतडत होत्या. हात न सोडताच नागिए म्हणाली, "कंटाळा नाही आला?"

"फार आला."

"मग मला सांगायचं नाहीस? अर्धी वटवाघळं मी पाडली असती."

चिझुरू तेव्हा रडली. तेवढ्यात दारावरचा पडदा बाजूला सारून तोकुझोकाका आत आले, दोघींकडे बघितलं, पैसे गुपचूप आसनावर ठेवले आणि पहिल्यांदाच काही न विचारता आत गेले.

तेव्हापासून नागिए महिन्याकाठी येते. सुट्टीच्या दिवशी पहाटेची गाडी पकडते, आसनावर बसते, चिझुरू शेजारी पाय हलवत बसते. माझा दम थोडा भरायचा राहिलाय, तो दोघी आळीपाळीनं भरतायत. खरं सांगू? घाई कुणालाच नाही. टोफूवाल्याची मुलगी आता तीन पोरांची आई आहे. तिलाही निरोप गेलाय, माकड घेऊन ये म्हणून.

दुसरी डबी अजून मिळालेली नाही. माझी बॅटरी कधी जाईल ते मलाही कळत नाही. हल्ली जाग यायला वेळ लागतो. नागिए बटण सरकवते तेव्हा दोघी श्वास धरतात, माझं नाव दिसलं की सोडतात.

एक दिवस नाव दिसणार नाही. पडदा कोरा असेल आणि नवं नाव विचारील. माझं मागणं एवढंच, त्या दिवशी दोघी एका आसनावर बसलेल्या असाव्यात. आणि तुमच्या एखाद्या खणात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याच्या आकड्यांवर जाऊ नका. बटण सरकवा, बघा जागं होतंय का. झालं तर त्याला नावानं हाक मारा. ऊब असेपर्यंत आम्ही ऐकतो.