तानुबाईचा खोकला

पेडगावात तानुबाईचा खोकला अख्ख्या आळीला ओळखीचा झाला होता. क्षयाच्या गोळ्या झाल्या, सुया झाल्या, तरी ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. सासूनं तिचं ताट वेगळं केलं, अंथरूण गोठ्यालगतच्या ओसरीत टाकलं. लहानगी बायना आईकडं धावली की कुणीतरी तिला मागं ओढायचं, "तिकडं न्हाई जायचं." शेवटी नवऱ्यानं, बन्सीधरनं, तानुबाईला मानवतला माहेरी आणून सोडलं. बायनाला मात्र त्यानं आपल्याकडंच ठेवलं.

भाऊ मुंजाजी तिला परभणीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचे जुने-नवे फोटो खिडकीच्या उजेडात धरले. डाग उजव्या फुप्फुसात, एकाच जागी. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते.

"खाताना कधी जोराचा ठसका लागला होता का?"

तानुबाई आठवत राहिली. "नणंदेच्या लग्नात. तोंडात सुपारी व्हती, अन् बाया हसवायल्या व्हत्या. जीव जातो का काय, असं झालं. मग थांबलं आपोआप."

"खोकला त्याच्या आधीचा का नंतरचा?"

"नंतरचाच," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी औरंगाबादला पाठवलं. तिथं भूल देऊन, तोंडातून श्वासनळीत दुर्बीण घालणार होते. आत नेताना तानुबाईनं भावाचा हात धरला.

"दादा, मी उठले न्हाई, तर बायनाला सांग. माय तुला टाकून गेली न्हाई म्हणावं."

मुंजाजीनं मान डोलावली.

ती शुद्धीवर आली तेव्हा घसा सोलल्यासारखा दुखत होता. डॉक्टरांनी स्टीलची वाटी पुढं केली. तळाशी सुपारीचं काळं पडलेलं खांड होतं.

"हे अडकलं होतं. तुम्हाला क्षय नव्हताच."

तानुबाई वाटीकडं बघत राहिली. मग बसक्या आवाजात तिनं विचारलं, "म्हंजी माझं लेकरू माझ्यापाशी निजलं असतं, तर चाललं असतं?"

डॉक्टरांनी वाटी खाली ठेवली. "चाललं असतं."

तेव्हा ती रडली.

ताप गेला, अंगावर मांस आलं, तसा बन्सीधर मानवतला आला. सोबत बायना होती. "चुकलं आमचं," तो खाली बघत म्हणाला. "घरी चल."

"येते. पण ओसरीत न्हाई निजायची."

बायना बापाच्या धोतराआड उभी होती, शिकवल्याप्रमाणं नाकावर हात दाबून. तानुबाईनं तिला ओढलं नाही, हाकही मारली नाही. अंगणात बसून ती शेंगा फोडायला लागली. बऱ्याच वेळानं पोरगी पुढं आली.

"तू आता खोकत न्हाईस?"

"न्हाई."

बायना टेकली, पण हातभर लांब. तानुबाईनं दाणे मधल्या जागेत ठेवले. पोरीनं नाकावरचा हात काढून एक उचलला.

"एसटी चुकंल," बन्सीधर म्हणाला.

"चुकू द्या," तानुबाई म्हणाली.

तो भिंतीला टेकून खाली बसला.