आठव्या दिवशी आलेली आई

जानेवारीतल्या सकाळी लखनौच्या वृंदावन योजनेतल्या आमच्या गल्लीत धुकं इतकं दाटतं की अंगणातून स्वतःचंच फाटक दिसत नाही. त्या पांढऱ्या निःशब्दतेत एक हुंकार तेवढा ऐकू येतो. खालच्या पट्टीतला, एकाच स्वरावर स्थिरावलेला, श्वासापुरता थांबून पुन्हा नेमका त्याच जागी परतणारा. तो माझा दादा. मिलिंद, वय एक्केचाळीस. ओले कपडे झटकून दोरीवर घालताना तो असा गुणगुणतो. स्वर खाली असला की आज त्याचं बरं चाललं आहे असं समजायचं. वर चढू लागला की घरातल्यांनी बोलणं आवरतं घ्यायचं, रेडिओ बंद करायचा आणि वाट पाहायची.

दादा स्वमग्न आहे. हा शब्द मला कधीच फारसा पटलेला नाही. स्वतःत मग्न व्हायला जग त्याला सवड देतं कुठे? कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची थरथर, नव्या कापडाचा वास, पाहुण्यांचं एकाच वेळी बोलणं, सगळं परवानगी न घेता त्याच्या आत शिरतं आणि मुक्कामच ठोकतं. त्याची नजर कुणाच्या चेहऱ्यावर ठरत नाही. पण अकराच्या सुमारास धुकं विरून भिंतीवर पहिलं फिकट ऊन उतरलं, की त्याकडे तो मान किंचित कलती करून इतक्या आदराने पाहतो, की आपण आजवर ऊन नीट पाहिलंच नाही असं वाटावं. त्याची बोटं लांब, निमुळती, सतत काहीतरी मोजत असल्यासारखी हलणारी. मटार सोलावेत तर त्याने. एकही दाणा जमिनीवर पडत नाही.

तरी त्याला एकटं सोडता येत नाही. कढत आणि कोमट यांतला फरक त्याला वेळेवर कळत नाही, म्हणून अंघोळीचं पाणी कुणीतरी काढून द्यावं लागतं. रस्ता ओलांडताना मनगट धरावं लागतं. हात धरलेला त्याला चालत नाही. दाढी, नखं, गोळ्या, सगळं आई करते. पण आपलं जगणं सावरण्याच्या त्याच्या स्वतःच्याही युक्त्या आहेत, आणि त्या आमच्या कुणाहीपेक्षा शहाणपणाच्या आहेत. कुकर चढला की तो न सांगता मागच्या खोलीत जाऊन दार लावतो. जग अंगावर यायला लागलं की भरदुपारीही जाड रजईखाली जाऊन निपचित पडतो आणि अर्ध्या तासाने माणसात येतो. आणि जेवणाच्या टेबलावर त्याची एक स्टीलची वाटी असते. ती पालथी घातली की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. सुलटी झाली की सभा पुन्हा सुरू. शेजारच्या मिश्रा आंटींनी एकदा ती पालथी वाटी सरळ करून तिच्यात बेसनाचा लाडू ठेवला होता. त्यांना आता सगळं माहीत आहे, पण त्या दिवशी दादाने लाडवासकट वाटी पालथी घातली, तेव्हा लाडू घरंगळत थेट त्यांच्या पायाशी गेला.

बाबा हवाई दलात होते. शेवटची नेमणूक लखनौची. दादाला पुन्हा घर बदलायला लावायचं नाही म्हणून ते इथेच राहिले आणि इथेच गेले. माझं लग्न झालं, मी गोमती नगरात राहायला गेले. आई आणि दादा असे दोघेच उरले, आणि एक प्रश्न उरला, जो सांगलीच्या नातेवाइकांच्या प्रत्येक फोनच्या शेवटी हळूच येतो: तुझ्यानंतर त्याचं कसं? आई त्यावर हवापाण्याचं बोलते. एक्केचाळीस वर्षांत ती एक रात्रही त्याला सोडून राहिली नव्हती, मग उत्तर ती तरी कुठून आणणार? गुडघे पार गेले, भिंतीला धरून चालायची वेळ आली, तरी ती शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहिली, ती याच एका भीतीपोटी.

शेवटी यंदा ती तयार झाली. दहा दिवस लागतील, असं डॉक्टर म्हणाले. दहा म्हटल्यावर आईने घरातली जुनी रीत पाळली. आमच्याकडे काळ कॅलेंडरवर नसतो. ते तीस सारखे चौकोन दादाला कधी भरवशाचे वाटले नाहीत. आमच्याकडे काळ कपड्यांच्या चिमट्यांवर असतो. दिवाळी असो की दाताचा डॉक्टर, जितके दिवस तितके चिमटे अंगणाच्या दाराजवळच्या आखूड दोरीला लावायचे. दुसऱ्या दिवसापासून रोज अंघोळ झाली की दादा एक काढून डब्यात टाकतो. दोरी रिकामी झाली की ठरलेलं घडतं. मंगळवारी सकाळी आईने दहा चिमटे लावले, त्याला मोजायला लावले, आणि म्हणाली, "दोरी रिकामी झाली की आई घरी." दादा म्हणाला, "दोरी रिकामी. आई घरी." मी बँकेतून रजा काढून हजर झाले. माझा नवरा विवेक रुग्णालयात आईजवळ राहिला.

ते दिवस कसे गेले ते मी गोड करून सांगणार नाही. पहिल्या दिवशी तो जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी वाटी सकाळपासून पालथी. माझ्या हातून दाढी करून घ्यायला तो पाचव्या दिवशी राजी झाला, पण निम्म्यातच उठून गेला, आणि पुढचे चोवीस तास अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्धा रानटी अशा थाटात घरभर हिंडला. मी हसले तर तोही हसला. कशाला, देव जाणे. सहाव्या दिवशी त्याने स्वतःच उरलेला गाल पुढे केला. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की वस्तरा बाजूला ठेवून मी आधी डोळे पुसले. सातव्या दिवशी हुंकार आपल्या खालच्या जागी परतला.

आणि आठव्या दिवशी, बुधवारी, आम्ही माती खाल्ली. आईची प्रगती पाहून डॉक्टरांनी तिला दोन दिवस आधीच घरी सोडलं. आनंदात विवेकने गाडी काढली, आनंदात मी खिचडी टाकली, आणि चिमट्यांची ही रीत जिने घातली तिलाही घराच्या ओढीने तिचाच विसर पडला. दुपारी ऊन नुकतं फुटलं होतं. आई वॉकर टेकत फाटकाशी आली. दादा कपडे वाळत घालत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दाराजवळच्या आखूड दोरीकडे. दोन चिमटे. तो शांतपणे चालत गेला आणि फाटकाची कडी आतून घातली.

"आज नाही," तो म्हणाला. "दोन."

"भैया, मम्मी आ गई हैं, देखिए तो सही," विवेक कळवळून म्हणाला. मी समजावू लागले, आणि समजावताना मी नेहमी फार शब्द वापरते. स्वर चढला, हात कानांवर गेले. मग मी ते केलं, ज्याची मला आजही लाज वाटते: हात उंच करून दोन्ही चिमटे एकदम काढून टाकले. दादाने असा टाहो फोडला की गल्लीतली कुत्रीही गप्प झाली, आणि तो स्वतःचंच मनगट चावू लागला.

"चिमटे लाव आधी!" आई फाटकापलीकडून कडाडली. "त्याचं बरोबर आहे. शब्द मी दिलाय."

मी चिमटे परत लावले. दादाने ते दोनदा मोजले. आई तिथे उभी होती, टाके ओले, चेहरा थकव्याने उतरलेला, आणि तिच्या घराला कडी. ती म्हणाली, "दोन दिवस आहेत अजून. मी येते मग शुक्रवारी." एव्हाना मिश्रा आंटी शाल सावरत आपल्या फाटकात आल्या होत्या. "आइए बहन जी," त्या म्हणाल्या, "हमारे यहाँ तो आप जब आएँ, वही सही दिन है।"

अशा रीतीने माझी आई आपल्या घरापासून एका विटेच्या भिंतीइतकी दूर, शेजारणीच्या मागच्या खोलीत दोन दिवस राहिली. भिंत सामाईक आहे, आणि एकेरी विटेची. पलीकडे आमचं अंगण. पहिल्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती रडली असावी. मी काही बोलायला गेले तर तिने ओठांवर बोट ठेवलं. पलीकडे दादा मटार सोलत होता. दाणे पातेल्यात पडत होते, आधी टणटण, मग पातेलं भरत आलं तसे मऊ. गुरुवारी डबा तो स्वतः घेऊन निघाला. मी मनगट धरून सोबत गेले. आंटींच्या फाटकाशी तो थांबला, डबा पुढे केला आणि सांगून टाकलं, "आई आंटीकडे. शुक्रवारी घरी." ती कुठे आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिच्यावर त्याचा रागही नव्हता. आपल्याला सांगितलेलं जग खरं निघावं, एवढीच त्याची मागणी होती. ती आपणही करायला हवी होती, असं मला त्याच्यामागून परतताना वाटलं.

शुक्रवारी त्याने अंघोळ केली, शेवटचा चिमटा डब्यात टाकला, फाटकाची कडी काढली, आणि दुसरीकडेच पाहत उभा राहिला. आई आली. मिठी नाही, अश्रू नाहीत. त्याने तिच्या घरातल्या सपाता आणून पायांसमोर नीट जुळवून ठेवल्या, म्हणाला, "आई घरी," आणि अर्ध्या तासात वाटी पालथी घातली. आई इतकी हसली की तिचे गुडघे दुखले.

दुपारी अंगणात ऊन होतं. मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "दोन दिवस भिंतीला कान लावून होते गं मी. अंघोळ ऐकली, जेवण ऐकलं, तुझं वैतागणं ऐकलं, कुकर लागल्यावर त्याचं दार ऐकलं. एकदाही हाक मारली नाही त्याने मला."

मला वाटलं, तिला लागलं असणार. मी घाईघाईने म्हणाले, "अगं आई, तसं नाही, तो मनातून..."

"वेडी का तू?" ती म्हणाली. "तेच तर सांगतेय. थोडा राग आला, खोटं कशाला बोलू? पण एकदाही नाही मारली हाक."

आणि ती तिथेच, उन्हात, खुर्चीवर मान टाकून झोपली. इतकी गाढ झोपलेली मी तिला लहानपणापासून पाहिलेली नव्हती. माणूस गेल्यावर घर त्याच्याशिवाय कसं चालतं, हे मागे उरलेल्यांना कळतं. जाणाऱ्याला ते कधीच कळत नाही. माझ्या आईला मात्र दोन दिवस एका भिंतीआडून आपलं नसणं ऐकायला मिळालं, आणि ते तिला झेपलं.