कानाशी तळवा

बारा वाजेपर्यंत पायलचा अंतरा लागला नाही, तर अवधूत दुसऱ्या गायिकेला बोलावणार होता. साडेअकरा होऊन गेले होते.

स्टुडिओ अवधूतचा, सात रस्ता चौकाजवळ, कपड्याच्या दुकानाच्या माडीवर. देवीचं गाणंही त्यानंच बांधलेलं. ‘प्रभाबाई, तुमच्या शब्दाखातर एक संधी देतो,’ असं त्यानं मला बजावलं होतं. पायल चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला जाते. एका दिवसाची रजा कशीबशी मिळालेली. पहिलंच गाणं हातचं गेलं तर तिला पुन्हा कोण बोलावतंय?

सात महिने मी तिला शिकवत होते. बार्शीकडच्या खेड्यात वडिलांबरोबर भजनं गाऊन तयार झालेला गळा. आवाज खणखणीत, पण सवयी सगळ्या आडदांड. श्वास वाट्टेल तिथं, आणि वरच्या सुरात जायचं झालं की उजवा तळवा कानाशी. ते मला बघवत नसे. ‘गायला बसलीस का भाजी विकायला?’ म्हणून मी बोटांवर पट्टी मारायची. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलंय, पट्टी हाताशीच असते. दिवाळीपर्यंत तिचा हात मांडीवर राहायला लागला, तेव्हा मी खूश होऊन तिला पेढा दिला होता.

आता काचेपलीकडे ती दोन्ही कानांवर हेडफोन लावून उभी होती. मुखडा सुरेख आला. अंतरा सुरू झाला आणि सूर वर सरकला. जरासाच, पण माइकला तेवढंही खपत नाही.

‘परत,’ अवधूत म्हणाला.

परत तेच. मी बोलायचं बटण दाबलं. ‘पोटातून श्वास घे. घाई करू नको.’

‘घेतलाय की, बाई.’

सहावा टेक, सातवा टेक. तिचा आवाज चिरकायला लागला. मला तिचा राग येत होता. खरं सांगायचं तर भीती वाटत होती, की आपलं शिकवणं शाळेच्या स्नेहसंमेलनापुरतंच होतं.

अवधूतनं फोन हातात घेतला. ‘बाई, बोलावतो मी त्यांना.’

‘एकदाच. शेवटचं.’

या वेळी मी तिच्याकडे नीट बघत राहिले. अंतऱ्याच्या तोंडावर तिचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि चटका बसल्यासारखा खाली गेला. सूर वर सरकला.

‘थांब,’ मी म्हणाले. ‘पायल, गावात कानाला हात कशाला लावायचीस?’

ती दचकली. ‘न्हाय लावला, बाई.’

‘रागावत नाही. सांग.’

‘टाळ-मृदंगात आपलाच आवाज ऐकू येत न्हाय. कान झाकला की आतनं येतो. आबांनी शिकवलंय.’

‘आणि आत्ता येतोय?’

‘न्हाय की. निसता ढोल येतोय कानात. म्हनून जोर लावते.’

सात महिन्यांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं. पोरगी तिथं चाचपडत होती आणि मी इथं श्वास-श्वास करत बसले होते. चूक कबूल करायची मला सवय नाही, आणि अवधूत तर माझाच जुना विद्यार्थी.

‘माझं चुकलं, पायल,’ मी म्हणाले. ‘उजवीकडचा हेडफोन मागं सरकव. तळवा लाव कानाला.’

तिनं अवधूतकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात हळूहळू वर गेला. अवधूतनं ढोल थोडा उतरवला आणि टेक सुरू केला.

अंतरा आला आणि जिथं लागायला हवा तिथंच लागला. तिनं जोर लावला नाही. दुसऱ्या ओळीला अवधूतनं फोन पालथा ठेवला. माझे डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत.

‘ओके,’ शेवटी तो म्हणाला. ‘हेच ठेवतोय.’

आत पायल तशीच उभी होती, कानाशी तळवा, कोपर वर.

‘बाई,’ तिनं विचारलं, ‘हात खाली घिऊ का आता?’