बांधाला सुटलेलं पोट

बांध एकेचाळीस पावलं लांब होता. पश्चिमेच्या टोकाला, पाटाच्या कडेला, लाल पानांचं हद्दीचं झुडूप एक. पूर्वेच्या टोकाला, पायवाटेपाशी, तसंच दुसरं. माड पाच. माडांवर नीरेसाठी टांगलेली बांबूची नळकांडी नऊ. दहा असायची, पण चौथ्या माडाची एक पोय, म्हणजे फुलोरा, उंदरांनी कुरतडली होती. खेकड्यांची बिळं तेरा, त्यांतली अकरा बुजवलेली. वापरात नसलेलं बुजगावणं एक, आणि ते कोणाचं हे ठरलेलं नव्हतं.

हे सगळं रासिकिननं सोमवारी सकाळी मोजलं, कारण जमीन कार्यालयाच्या फॉर्मवर ‘जागेवर काय काय आहे’ असा रकाना होता. कालिवुनी गावातल्या शेतांना पहिल्यांदाच कागद मिळणार होते. तोवर हे शेत कोणाचं, ते शेत कोणाचं, हे सगळ्या गावाला तोंडपाठ होतं आणि तेवढ्यावर तीन पिढ्या निभावून गेल्या होत्या. आता प्रत्येकानं शेजाऱ्याला सोबत घेऊन हद्दीवर खुंट्या ठोकायच्या, मोजणीवाला येणार, दोघांनी सही करायची, की झालं.

रासिकिनकडे लाल-पांढऱ्या रंगाच्या तीन खुंट्या होत्या. दोन झुडपांजवळच्या दोन त्यानं ठोकल्या. तिसरी बांधाच्या बरोबर मध्यावर ठोकायची होती. तो तिथे गेला, पाय रोवले, हातोडा उचलला, आणि सवयीनं माडाचा आधार घ्यायला हात लांब केला.

हाताला काहीच लागलं नाही.

माड तिथे नव्हता. म्हणजे होता, पण चांगला अडीच हात पलीकडे, कुस्नादीच्या खाचरात. रासिकिननं मान वळवून डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. पाचही माड पलीकडेच. प्रत्येक जण गवताच्या आपापल्या ढिगाऱ्यावर, चिखल लागू नये म्हणून लाकडी पाटावर चढून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.

छप्पन्न वर्षांचा रासिकिन तीस वर्षं या माडांवर दिवसातून दोनदा चढत होता. सकाळी भरलेली नळकांडी उतरवायची, संध्याकाळी पोय तासून नवी टांगायची. बांधावरून यायचं, एक पाऊल खाली टाकायचं, खोडातल्या खाचेत पाय घालायचा. पण ते सगळं वर बघत. झाडाच्या बुडाशी काय चाललंय हे बघायची वेळच कधी आली नव्हती.

तो घरी आला. त्याची बायको वार्सिना चुलीपुढे बसून कढईतली नीरा ढवळत होती. नीरा दाट होत आली होती. आता हात थांबला तर गूळ करपणार.

“वार्सिना, आपले माड कुस्नादीच्या शेतात गेलेत.”

“कधी? सकाळी तर इथेच होते.”

“थट्टा नको. बांध इकडे आहे आणि माड तिकडे आहेत.”

“मग तुम्ही कुठे होतात इतकी वर्षं?”

“माडावर.”

वार्सिनाचा हात न थांबता फिरत राहिला, पण हसू थांबलं. रासिकिन अकरा माडांवर चढायचा. त्यांतले सहा दुसऱ्यांचे, वाट्यानं घेतलेले: पाच दिवसांचा गूळ याचा, पुढच्या पाच दिवसांचा मालकाचा. स्वतःचे म्हणावेत असे हे पाचच. ते त्याच्या बापानं लावले होते. आणि कुस्नादी गेली कित्येक वर्षं सांगत आला होता की या माडांच्या सावलीनं त्याचा भात खुरटतो, यांच्यावरूनच उंदीर उतरतात, आणि माड आपले असते तर एव्हाना त्यांचे बकऱ्यांच्या गोठ्याला खांब झाले असते.

“कागदावर हद्द बांधाची लागली,” रासिकिन म्हणाला, “तर हा गाढव उद्याच करवत घेऊन येईल.”

“आज दुपारपर्यंत काय ते करा. मोजणीवाला बाराच्या आत पलीकडच्या गावात जाणार आहे. हद्द ठरली नाही तर आपला नंबर यादीत खाली,” वार्सिना म्हणाली. “थांबा, हा गूळ साच्यात ओतते आणि मीही येते. तुम्ही एकटे गेलात तर नुसतं भांडून याल.”

कुस्नादी बांधावरच भेटला. रासिकिनपेक्षा दोन वर्षांनी मोठा, लहान चणीचा, खांद्यावर कायम फावडं. त्याच्या फावड्याचं पातं इतकं झिजलं होतं की बायको त्याला उलथनं म्हणायची. भांडतानाही दोघं एकमेकांना काँग, म्हणजे दादा, म्हणत.

“काँग कुस्नादी,” रासिकिननं लांबूनच सुरुवात केली, “तू माझा बांध खाल्लास!”

“मी? सकाळपासून फक्त भात आणि सोयाबीनचं तेंपे खाल्लंय.”

“हे माड बघ! माझ्या बापानं बांधाच्या मधोमध लावले होते. आता कुठे आहेत?”

“माड तिथेच आहेत, काँग. माड कधी चालतो का?” कुस्नादीनं फावडं टेकवलं. “आणि ऐक. माझं फावडं आयुष्यात कधी बांधाच्या पलीकडे गेलेलं नाही. दर हंगामात मी माझ्या बाजूनं बांध तासतो. गवत काढायला, उंदरांची बिळं उघडी करायला. सगळे तासतात. तुझ्या बाजूला कधी बोट लावलंय? सांग, लावलंय?”

रासिकिनला ते कबूल करावं लागलं. त्याची बाजू गावात सगळ्यात गुळगुळीत होती. दर हंगामात, लावणीच्या आधी, तो आपल्या खाचरातला चिखल ओंजळीनं उचलून बांधाला लिंपायचा आणि तळहातानं घोटायचा. पाण्याचा एक थेंब झिरपायचा नाही. पोरं लिंपण शिकायला त्याचा बांध बघायला यायची. दुसऱ्याच्या बांधाबद्दल बोलताना तो नेहमी थोडा खाकरायचा.

“मग बांध इकडे आला कसा?”

“बांध आलेला नाही. बांध असाच होता, वाकडा. आपल्या बापांनीच वाकडा घातला. तुझा बाप कुठे सरळ चालायचा?”

“माझा बाप!”

“अहो,” वार्सिना मध्ये पडली, “बापांना राहू द्या. मोजणीवाला आलाय.”

मोजणीवाला पंचविशीचा, गालिह नावाचा मुलगा होता. पाठीवर तिपाई, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, गळ्यात ओळखपत्र, आणि तोंडी वडीलधाऱ्यांसाठी अदबीचं ‘पाक’. त्यानं दोन्ही झुडपांकडे पाहिलं, मग बांधाकडे, आणि डोक्यावरची टोपी मागे सरकवली.

“हा बांध दोन्ही टोकांना झुडपांपाशी आहे,” तो म्हणाला, “आणि मध्ये पाक रासिकिन यांच्या शेतात फुगलाय. पोट सुटल्यासारखा.”

“म्हातारा झालाय,” कुस्नादी म्हणाला.

“हद्द मी ठरवत नाही, पाक. तुम्ही दोघं ठरवा, मी मोजतो. बांध म्हणालात तर बांध. झुडपापासून झुडपापर्यंत सरळ रेघ म्हणालात तर तसं. पण साडेअकराला मला निघायचंय.”

“बांध,” कुस्नादी म्हणाला.

“सरळ रेघ,” रासिकिन म्हणाला.

गालिहनं घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

पुढची वीस मिनिटं जे झालं ते बरंचसं कुस्नादीच्या बकऱ्या, रासिकिनच्या मेव्हण्याचं लग्न आणि एकोणीस वर्षांपूर्वी उसना नेलेला एक पंप यांच्याबद्दल होतं. शेवटी वार्सिना बांधावर उकिडवी बसली आणि त्याच्या फुगलेल्या पोटावर तिनं तळहात ठेवला.

“हा बांध बापांच्या वेळचा आहे म्हणता ना, काँग कुस्नादी? मग कापू या. आत जुनी माती असेल तर तुमचं खरं.”

“बांध कापायचा?” रासिकिनचा चेहरा पडला. “मी बावीस दिवसांपूर्वी लिंपलाय तो.”

“पुन्हा लिंपाल. तसंही तुम्हाला दुसरं आवडतं काय?”

लावणी अजून व्हायची होती, दोन्ही खाचरांतलं पाणी सोडून दिलेलं होतं, त्यामुळे नुकसान काहीच नव्हतं. कुस्नादीनं आपल्या उलथन्यानं बांध आडवा कापला, वरपासून खालपर्यंत, सुबक. या कामात तो खरंच तरबेज होता. कापलेला भाग त्यानं बाजूला सारला आणि चौघंही गुडघ्यांवर बसून आत बघू लागले.

आत थर होते. उभे, एकाला एक चिकटून, कापलेल्या थरांच्या केकसारखे. प्रत्येक थर करड्या चिखलाचा, आणि दोन थरांच्या मध्ये कुजलेल्या गवताची बारीक काळी रेघ. पहिला, म्हणजे रासिकिनच्या बाजूचा, अजून ओलसर. मग आत आत जात कोरडे.

गालिहनं खिशातून टेप काढली. “एकूण रुंदी चाळीस सेंटिमीटर,” तो म्हणाला आणि पेन्सिलीच्या टोकानं मोजायला लागला. रासिकिनही मोजत होता. वार्सिनाही. तिघांचा आकडा एकच आला: सोळा.

“वर्षाला दोन हंगाम,” गालिह म्हणाला. “सोळा थर म्हणजे आठ वर्षं. या बांधात आठ वर्षांपूर्वीचं काहीच नाही.”

“मग माझ्या बापाचा बांध?” रासिकिननं विचारलं.

कोणी काही बोलायच्या आधी त्याला स्वतःलाच दिसलं. शेवटचा, कुस्नादीच्या बाजूचा थर अर्धाच उरला होता. फावड्यानं सरळ तासलेला. म्हणजे दर हंगामात कुस्नादी तिकडून अडीच सेंटिमीटर काढत होता आणि तो स्वतः इकडून अडीच सेंटिमीटर भरत होता. बांधाची जाडी कधीच बदलली नव्हती. नुसता बांध चालत होता. टोकांना पाट आणि वाट होती, तिथे कोणाचाच हात पोहोचत नव्हता, म्हणून झुडपं जागच्या जागी राहिली होती.

गालिहनं पोटाचा फुगवटा मोजला: एक मीटर तीस. त्यानं बोटांवर हिशेब केला. “बावन्न थर. सव्वीस वर्षं.”

“सव्वीस वर्षांपूर्वी माझा बाप गेला,” रासिकिन म्हणाला. “शेत माझ्या हातात आलं.”

“आणि तेव्हापासून तू स्वतःच्या ओंजळींनी स्वतःचं शेत मला वाढत आलास!” कुस्नादी मांडीवर थाप मारून हसला. इतका हसला की त्याला ठसका लागला आणि वार्सिनाला त्याच्या पाठीवर थोपटावं लागलं. “गावातला सगळ्यात गुळगुळीत बांध! पोरं शिकायला येतात!”

“माझा लिंप तू तासला नसतास तर नुसता बांध जाड झाला असता.”

“आणि मी तासलेला तू भरला नसतास तर बांधच उरला नसता. मग आपलं भांडण तरी कशावरून झालं असतं?”

रासिकिनलाही हसू येत होतं, पण त्यानं ते दाबलं. अकराला दहा मिनिटं कमी होती आणि माड अजून पलीकडेच होते.

“काँग,” तो हळू आवाजात म्हणाला, “ते माड लावले तेव्हा तू इथेच होतास. रोपं कोणी धरली होती?”

कुस्नादीनं डोळे पुसले. मग त्यानं खोडांकडे पाहिलं.

“मीच,” तो म्हणाला. “नऊ वर्षांचा होतो. तुझा बाप खड्डा करायचा, मी रोप धरायचो, माझा बाप माती लोटायचा. तू पाटात बसून रडत होतास, तुला जळू लागली होती.” त्यानं फावड्यानं एका माडाच्या ढिगाऱ्यावर हलकेच टकटक केलं. “बांधाच्या मध्यावरच लावले. ते खरं आहे. खोटं कशाला बोलू, तुझ्या बायकोनं आत्ताच पाठीवर थोपटलंय.”

“मग सरळ रेघ?”

“सरळ रेघ. पण ऐक.” कुस्नादीनं बोट वर केलं. “मध्यावर म्हणजे मध्यावर. बांध अर्धा तुझा, अर्धा माझा. झुडपापासून झुडपापर्यंत रेघ ओढ. ज्या माडाचा मध्य तुझ्या बाजूला, तो तुझा. माझ्या बाजूला, तो माझा. माझ्याचं मी काय वाटेल ते करीन. खांब करीन, नाहीतर करणार नाही, तू विचारायचं नाहीस.”

“पण लावले माझ्या बापानं!”

“जमीन दोघांची होती. माती माझ्या बापानं लोटली. आणि बांध तूच इकडे आणलास, तो परत तूच न्यायचा. मी एक ढेकूळ उचलणार नाही.”

रासिकिननं माडांच्या रांगेकडे पाहिलं. ती रांग काही सुतासारखी सरळ नव्हती. बापानं डोळ्यांच्या अंदाजानं लावलेली. कुठे वीतभर आत, कुठे वीतभर बाहेर. पाचवा माड, पायवाटेजवळचा, सगळ्यात जास्त नीरा देणारा. त्याच्यावर वर्षभराचं तेल-मीठ निघायचं. तो नेमका कुठल्या बाजूला आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं. त्यानं वार्सिनाकडे पाहिलं.

“सगळे तिकडे असण्यापेक्षा बरं,” ती म्हणाली.

“ठीक,” रासिकिन म्हणाला. “गालिह, मोजा.”

दोरी थेट झुडपापासून झुडपापर्यंत ओढली तर खोडांना अडत होती. म्हणून गालिहनं ती दोन्ही झुडपांपासून बरोबर एक मीटर रासिकिनच्या बाजूला सरकवून ताणली, दोन्हीकडे खुंट्यांना घट्ट बांधली आणि बोटानं छेडून पाहिली. मग तो प्रत्येक माडापाशी गेला. दोरीपासून खोडाची अलीकडची कड, दोरीपासून पलीकडची कड, दोन्हींचा मध्य. मध्य मीटरच्या आत आला तर माड रासिकिनचा, मीटरच्या बाहेर गेला तर कुस्नादीचा. टेपचं एक टोक कुस्नादीनं धरलं, दुसरं रासिकिननं. कोणी टेप ढिली सोडतंय का, हे बघायला वार्सिना मधोमध उभी राहिली.

“काँग, हात हलतोय तुझा.”

“नीरेचा दोष. रोज गोड खातो मी. तू पोट आत घे, टेपला लागतंय.”

“माझं पोट हद्दीत आहे.”

पहिला माड एकवीस सेंटिमीटरनं रासिकिनच्या बाजूला निघाला. दुसरा आठनं कुस्नादीच्या. कुस्नादीनं त्या माडाच्या खोडावर हात फिरवला, वर झावळ्यांकडे पाहिलं, खाली पडलेल्या सावलीकडे पाहिलं. “हा राहू दे,” तो म्हणाला. “दुपारचा डबा खायला सावली लागते माणसाला.” रासिकिनला विचारायची बंदी होती; तो टेपचं टोक घेऊन पुढच्या माडाकडे गेला. तिसरा सतरा सेंटिमीटर, रासिकिन. चौथा, उंदरांनी कुरतडलेला, तेवीस, रासिकिन.

पाचव्या माडाला गालिहनं दोनदा मोजलं. मग कुस्नादीनं सांगितलं म्हणून तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा त्यानं आकडा वहीत लिहिला, तिन्ही आकडे ताडून पाहिले, आणि वही दोघांपुढे धरली.

दोरीपासून खोडाचा मध्य: अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. मीटरला दोन कमी.